ती दारात उभी असते

गेल्या डिसेंबरात तालुक्याच्या गावी एकांकिका स्पर्धेला परीक्षक म्हणून जाऊन बसले होते. दोन दिवस, अकरा एकांकिका, प्लॅस्टिकची खुर्ची आणि दर दोन तासांनी येणारा पाकासारखा गोड चहा. परीक्षकाला गुणांचा छापील तक्ता देतात : लेखन, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाश. तो भरता भरता मी समासात वेगळीच नोंद करायला लागले. या एकांकिकेत बाई कोण आहे, ती काय करते, आणि बसलेली असते की उभी.

पहिल्या दिवशी संध्याकाळी समास असा दिसत होता. आई, खोकते, खाटेवर. आई, खोकते, आरामखुर्चीत. प्रेयसी, दारात उभी. आई (फोटोत, हार घातलेला). वहिनी, चहा आणते, दोनदा. प्रेयसी, दारात उभी, मग निघून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी एक वेडी आली. केस मोकळे, हातात कापडी बाहुली. आपल्याकडे रंगमंचावर वेडी आली की तिच्या हातात बाहुली असतेच आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळ्यांत शहाणं वाक्य तीच बोलते. तिच्यावर निळा प्रकाश पडतो. पडलाच.

निकाल लागल्यावर एक मुलगा भेटायला आला. बावीस-तेवीसचा असेल. लेखनाला गुण कमी का, असं त्याचं म्हणणं. मी सांगितलं, "अरे, तुझी आई पस्तीस मिनिटं खोकते आणि मरते. त्यापलीकडे तिला काही कामच दिलेलं नाहीस."

तो रागावला नाही. उलट अगदी सरळपणे म्हणाला, "मॅडम, मुली तालमीला येतच नाहीत. शेवटची एसटी सव्वासातची. आमची तालीम सुरू होते आठला, पोरं कामावरून सुटल्यावर. एक कशीबशी तयार झाली, तीही तीन तालमींपुरती. खोकल्याला पाठांतर लागत नाही ना."

मी गप्प बसले. कथा-सिनेमांतल्या बायका एकसारख्या का असतात, यावर गेली वीस वर्षं मी बरंच काही वाचत आले आहे. धर्म, परंपरा, पुरुषी नजर, बाजार. एसटीचं वेळापत्रक मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

*

इंग्रजीत या साच्यांना नावं ठेवायची मोठी हौस आहे. (मराठीतही आपण बायकांना नावंच ठेवतो, पण ती वेगळी.) संकटात सापडलेली, नायकाने सोडवायची ती एक. पुरुषाला नादी लावून खड्ड्यात घालणारी ती दुसरी, तिचं नाव फ्रेंच. नेथन रेबिन नावाच्या समीक्षकाने २००७ साली 'मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल' असा एक शब्द काढला. म्हणजे उदास, कोमेजलेल्या नायकाला जगायला शिकवण्यासाठी अवतरलेली, पावसात नाचणारी, जराशी वेडगळ, गोड मुलगी. तिला स्वतःला काय हवंय ते कुणी विचारत नाही. शब्द इतका पसरला की जी मुलगी पडद्यावर जरा मोकळं हसेल तिला लोक तो चिकटवू लागले, आणि २०१४ साली रेबिनने हा शब्द आपण काढला याबद्दल चक्क माफी मागितली. मला ते आवडलं. साचा दाखवायला निघालेल्या माणसाच्या हातून नवा साचा तयार झाला आणि त्याला तो कळला, हे क्वचित घडतं.

त्याहून जुनी कसोटी ॲलिसन बेक्डेल या चित्रकर्तीच्या एका कॉमिकमधली, १९८५ ची. सिनेमात निदान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलाव्यात. बस्स. आमच्या अकरांपैकी एक एकांकिका या कसोटीला उतरली. तीत दोघी बांगड्याच्या भावावरून भांडतात. दीड मिनिटाचा प्रसंग. प्रेक्षागृहातल्या बायका दोन दिवसांत पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या त्या तिथे.

पण नावं ठेवण्यात आपण काही मागे नव्हतो. भरताने नाट्यशास्त्रात नायिकेच्या आठ अवस्था सांगून ठेवल्या आहेत. तो येणार म्हणून नटून, घर सजवून बसलेली वासकसज्जा. तो आला नाही म्हणून तळमळणारी विरहोत्कंठिता. येतो सांगून त्याने फसवलेली विप्रलब्धा. रात्र दुसरीकडे काढून तो पहाटे उगवला म्हणून संतापलेली खंडिता. भांडून त्याला घालवलं आणि आता हळहळते ती कलहांतरिता. तो जिच्या मुठीत ती स्वाधीनभर्तृका. स्वतःच त्याच्याकडे निघाली ती अभिसारिका. आणि तो परगावी गेलाय ती प्रोषितभर्तृका. कॉलेजात हे पाठ केलं तेव्हा मला त्यात केवढी सूक्ष्म नजर दिसली होती. आता वाचलं की वाटतं, हे एका पुरुषाच्या येण्याजाण्याचं वेळापत्रक आहे आणि बाई नुसती फलाटावर उभी.

यातली आठवी आमच्या वेंगुर्ल्याकडे घरोघरी होती.

*

मुंबईत १८५० च्या दशकात कापडगिरण्या निघायला लागल्या आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं त्यांना माणसं पुरवली ती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्याने. तेव्हा आमचा सिंधुदुर्गही त्यातच होता, १९८१ पर्यंत. पुरुष बोटीने, नंतर एसटीने मुंबईला. बायका, म्हातारी माणसं, पोरं, गुरं आणि शेतं इकडे. पुरुष गणपतीला यायचा, जमलं तर शिमग्याला, नाहीतर मे महिन्यात. बाकीचे दिवस त्याच्या जागी दरमहा मनीऑर्डर यायची. गावंच्या गावं प्रोषितभर्तृकांची.

चित्रात ही नायिका कशी असते ते आपल्याला माहीत आहे. केस विस्कटलेले, अंगाने वाळलेली, इतकी की कंकण मनगटातून गळून पडतं. सिनेमात ती माडाला टेकून समुद्राकडे बघते. कोकण म्हटलं की दिग्दर्शकांना माड दिसतो, आणि माड दिसला की त्याला टेकवायला एक बाई लागते. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी माडाला टेकून उभी राहिलेली बाई पाहिलेली नाही. वरून नारळ पडेल ही भीती कोकणातल्या पोरालाही असते.

माझी थोरली काकी १९५८ साली लग्न होऊन आमच्या घरात आली. काका परळच्या एका गिरणीत. लग्नानंतर एकविसाव्या दिवशी ते मुंबईला गेले आणि पुढची चोवीस वर्षं तिकडेच होते. त्या वर्षांतली काकी मला आठवते ती बहुतेक पाठमोरी. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात, पाठीवर इरलं, वरून धो धो पाऊस, आणि त्या वाकलेल्या इरल्यांच्या ओळीतून तिचा आवाज. ती शेतात कामाला आलेल्यांना ओरडायची, बैलाला ओरडायची, बांधावर बसलेल्या आम्हा पोरांना ओरडायची. शाकारणीला नळे, म्हणजे कौलं, परतायला माणूस मिळाला नाही त्या वर्षी ती स्वतः छपरावर चढली. गावात त्याची चर्चा पाऊस सुरू झाला तरी चालू होती. बैल घ्यायचा तर ती तोंड उघडून दात बघायची. शेजारच्याने मेर, म्हणजे शेताच्या हद्दीचा बांध, सरकवली तेव्हा तिने दावा लावला आणि तारखांना चालत जायची, येताना बाजार करून यायची. दाव्याचा निकाल काय लागला ते मला नीट आठवत नाही. मेर मात्र पुन्हा होती तिथे आली, एवढं खरं.

मी कॉलेजात असताना एका सुट्टीत मोठ्या कौतुकाने तिला प्रोषितभर्तृका म्हणजे काय ते सांगितलं होतं. ती आडाळ्यावर बसून खोबरं खवत होती. हात न थांबवता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाय, माका वाट बगूक येळ खंय होतो?"

कथेची गंमत अशी की नवरा मुंबईला निघाला की कॅमेरा त्याच्याबरोबर एसटीत चढतो. ती दारात उभी राहिलेली आपण मागच्या काचेतून बघतो, लहान लहान होत गेलेली. मग दोन तास मुंबई. शेवटी तो परततो तेव्हा ती त्याच दारात, केसांत पांढरं लावून. मधल्या काळात तिने दार सोडलंच नसावं असा दिग्दर्शकाचा विश्वास असतो. मेर, बैल, नळे, वकील हे सगळं ज्या वर्षांत घडलं ती वर्षं पडद्यावर एका गाण्यात संपतात.

*

कार्तिकी पौर्णिमा उलटली की आमच्याकडे जत्रा लागतात आणि जत्रेला दशावतार. स्पर्धेनंतर चारच दिवसांनी शेजारच्या गावची जत्रा होती. मी मुद्दाम लवकर गेले. देवळामागच्या पडवीत ट्रंका मांडून नट तोंडं रंगवत बसले होते. दशावतारात लिखित संहिता नसते. काय आख्यान आहे ते आधी सांगतात, मग ज्याची त्याची बुद्धी आणि जीभ. रंगमंचावर एक बाकडं, तेच सिंहासन, तेच अरण्य. आणि बाया सगळ्या पुरुष.

त्या कंपनीतला स्त्रीपार्टी पंचावन्नच्या आसपासचा. दिवसा रिक्षा चालवतो. मी गेले तेव्हा दुसऱ्यांदा दाढी घोटत होता, लहान आरसा ट्रंकेच्या झाकणाला टेकवून. हाताच्या बोटांवर खरखरीत काळे चर. मला "बसा मॅडम" म्हणाला. मग रंग, काजळ, मोठं कुंकू. गंगावन बांधून वर आबोलीचा वळेसर. शेवटी लुगडं. नऊवारी नेसायला त्याला चार मिनिटं लागली नाहीत, निऱ्या मोजायलाही खाली बघितलं नाही. पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला, मान किंचित कलती केली आणि मला म्हणाला, "बाय, जरा ती पिन दी गे."

आवाज वेगळा झाला होता. पाच मिनिटांपूर्वी मी मॅडम होते.

मी विचारलं, सगळ्यांत सोपी बाई कुठली? त्याने विचार न करता सांगितलं, "साध्वी. रडूचा आणि देवाक हाक मारूची, झाला." त्या रात्री तो तेच करणार होता. राजाने संशयाने रानात हाकललेली राणी, कडेवर बाळ. अवघड कुठली म्हणता, सवत. आणि टाळी कुणाला? तर दुष्ट सासूला, कायम. "लोक शिव्या घालतत, पण घराक जाताना तिचीच नक्कल करतत."

मग मी तो प्रश्न विचारला जो कुणीही विचारेल. चालणं, बसणं, पदर सावरणं हे शिकलात कुणाकडून?

"आवशीचा बगून," तो म्हणाला. पिन तोंडात होती, ती काढून नीट बोलला. "पण आवस कदी रडली नाय. बापूस गेलो तेवाय नाय. रडणा आमच्या जुन्या स्त्रीपार्ट्याकडसून शिकलंय."

ते वाक्य घेऊन मी रात्रभर जत्रेत बसले होते. राणी पहाटे तीनला रानात रडली. सुंदर रडली. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईने पदराने डोळे पुसले. मी बघत होते ते एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाकडून घेतलेलं रडणं, त्याने तिसऱ्याकडून. मुळात ते कुठल्या बाईचं होतं, की नव्हतंच, कुणास ठाऊक. आणि आता ती म्हातारी तसंच रडत होती.

मराठी रंगभूमीवरची सगळ्यांत थोर साध्वी अशीच आली. 'एकच प्याला' रंगमंचावर आलं १९१९ साली, गडकरी गेले त्यानंतर काही आठवड्यांतच. त्यातली सिंधू बालगंधर्वांनी केली. नवरा दारूत बुडतो, ही दळण दळते, एक अक्षर वावगं बोलत नाही, मूल जातं, शेवटी तीही जाते. महाराष्ट्र तिच्यासाठी ढसाढसा रडला. त्याच नाटकात दुसऱ्या दारुड्याची, तळीरामाची, बायको आहे. गीता. ती नवऱ्याला तोंडावर सुनावते. पण रडण्याचे प्रसंग सिंधूला आणि हशे गीताला. एकाच लेखकाला दोन्ही बायका दिसल्या होत्या हे विसरू नये. फक्त एकीसाठी त्याने शोकांतिका राखून ठेवली आणि दुसरीला विनोदी प्रवेशांत बसवलं. आमच्या गावात दारुड्यांच्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. सिंधू एकही नाही. गीता मात्र दर वाडीत दोन.

*

अलीकडे आमच्याकडे येणारे पाहुणे आकेरीला जायचं म्हणतात. 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचं चित्रीकरण तिथल्या वाड्यात झालं, आणि दुसऱ्या भागात, २०१९ पासून, शेवंता आली. पाहुण्यांना शेवंता हवी असते. माईचं नाव कुणी काढत नाही. अण्णा नाईकांची सोसणारी बायको माई आणि अण्णांना नादी लावणारी शेवंता. पुढे शेवंता भूतही झाली, आणि ते बरोबरच, कारण कोकणात कथेला बाईचं दुसरं काय करायचं ते सुचलं नाही की तिची हडळ करतात.

हडळ, जखीण, अळवंत. लहानपणी मला यांची भीती वाटायची. बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंत होते असं आजी सांगायची आणि विहिरीकडे रात्री जाऊ द्यायची नाही. आता त्या गोष्टीत मला भुतापेक्षा पहिला अर्धा भाग जास्त दिसतो. पावसाळ्यात ओढ्याला पाणी, डॉक्टर दहा मैलांवर, डोलीला चार माणसं हवीत आणि गावातले तरणे पुरुष सगळे मुंबईला. अशा किती बायका गेल्या असतील. गोष्टीने त्यातलं पाणी, डोली, मैल सगळं गाळलं आणि तिचा राग तेवढा ठेवला. उलटी पावलं दिली. रागाचं कारण कळलं तर भीती जाते, आणि मग गोष्ट संपते.

खलनायिकेचं अभिनेत्रीला काय होतं हा वेगळाच विषय आहे. ललिताबाई पवारांनी खाष्ट सासू एवढी चोख केली की दोन पिढ्या सासूला त्यांचं नाव देत राहिल्या. सुलोचनाबाई पडद्यावर आई झाल्या त्या आईच राहिल्या. दोघीही तरुणपणी नायिका होत्या, हे किती जणांना आठवतं? नटी साच्यात शिरते, आणि बाहेर यायचं दार साचा बनवताना कुणी ठेवलेलं नसतं.

तरी निघालेल्या बायका आहेत, आणि त्यांच्यावर माझा जीव आहे. 'प्रभात'च्या १९३६ च्या 'अमरज्योती'त दुर्गाबाई खोट्यांची सौदामिनी आहे. आईला मुलावर हक्क नाही, असं राज्याचा कायदा तिला सांगतो, तेव्हा ती समुद्रावरची चाचीण होते. आमच्या घरापासून समुद्र तीन मैलांवर, पण सिनेमात तो बाईच्या हाताखाली चाललेला मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात तयार झालेला. (एरवी मराठी सिनेमातल्या बाईला समुद्र मिळतो तो आखूड लुगडं नेसून नाचायला. मालवणच्या बाजारात पापलेटाच्या टोपलीपुढे बसलेल्या बाईशी एकदा घासाघीस करून बघा, नाच विसराल.) श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीचा बापू' कादंबरीत राधा आहे, सगळ्या गावाच्या नजरा अंगावर घेऊन ताठ चालणारी. त्यांच्याच 'रथचक्र'ची नायिका कोकणातल्या एकत्र कुटुंबातून मुलांच्या शिक्षणासाठी बाहेर पडते, एकटीच्या बळावर. लेखकाने तिला नाव दिलेलं नाही, ती आहे नुसती 'ती'. पूर्वी मला हे फार थोर वाटायचं. आता कधीकधी वाटतं, एवढं सगळं केल्यावर निदान नाव तरी द्यायचं.

आणि 'उंबरठा', १९८२. स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमाच्या नोकरीसाठी घराबाहेर पडते, परत येते, तोवर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी आलेली असते. ती पुन्हा निघते. शेवटी गाडीत बसलेली असते. मी हा सिनेमा चार वेळा पाहिला असेल आणि दर वेळी शेवटच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला वेगळं दिसलं. एकदा सुटका, एकदा थकवा. एकदा तर वाटलं, तिला नुसती भूक लागलीय. साच्यातल्या बाईचा चेहरा एकदा बघून पुरतो. हिचा नाही पुरत. यापेक्षा चांगली कसोटी मला अजून सापडलेली नाही, अकरा एकांकिकांना गुण देऊन झाल्यावरही.

*

ज्या वर्षी 'उंबरठा' आला त्याच वर्षी जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. वर्षभर वाट बघून काका परत आले. प्रोषितभर्तृकेचा नवरा घरी आला, कायमचा. भरताच्या आठांत ही अवस्था नाही.

काका पडवीत आरामखुर्ची टाकून बसायचे. त्यांना वेळेवर चहा हवा असे, कोणत्या कुणग्यात काय पेरायचं यावर मत असे. चोवीस वर्षं ज्या घराला काकीने ओरडून चालवलं त्या घरात आता तिने हळू बोलावं असं सगळ्यांना वाटायला लागलं. ती हळू बोलली नाही. तेव्हापासून गावात तिला खाष्ट म्हणायला लागले. पुढे सून आली आणि शिक्काच बसला. सुनेच्या गोष्टीतली काकी मी ऐकली आहे : किल्ल्या कमरेला, दुधाचं भांडं झाकून ठेवणारी, पाहुण्यांदेखत घालूनपाडून बोलणारी. ती गोष्ट खोटी नाही. माझ्या चुलतभावाच्या गोष्टीत ती आई आहे, स्वतः उपाशी राहून त्याला शिकवणारी. तीही खोटी नाही. शेवटच्या दोन वर्षांत ती परसातल्या फणसाशी बोलायची आणि वाडीतली पोरं तिला वेडी म्हणायची. हातात बाहुली नव्हती. शहाणं वाक्यही काही बोलली नाही. फणसाला ती बाजारभाव सांगायची, जुना, सत्तरच्या सालातला.

ती गेल्यावर माळा आवरताना वाशाला अडकवलेली एक तार मिळाली. तारेत ओवलेली मनीऑर्डरची कुपनं, धुराने पिवळी पडलेली. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक तुकडा असायचा, पाठवणाऱ्याने दोन ओळी लिहायच्या, पोस्टमन पैशांबरोबर तो तुकडा देऊन जायचा. पुढच्या बाजूला काकांचं अक्षर. बहुतेक सगळ्यांवर तेच : "पैसे मिळाल्याचे कळव. तब्येतीस जप. बाकी सर्व ठीक." मी तीसेक वाचली आणि कंटाळून ठेवणार होते, तेवढ्यात एक उलटं झालं.

मागे काकीचा हिशेब. शाळा चौथीपर्यंत, शिसपेन्सिल, अक्षर मोठं आणि सरळ. मीठ. रॉकेल. वकील ५. नळे ११. बैलाचे बाकी. पोरग्याची फी. प्रत्येक कुपनाच्या मागे तो महिना. रात्री दिव्याखाली बसून मी सगळी वाचली, आणि हे मी आयुष्यात वाचलेल्या उत्तम कादंबऱ्यांपैकी एक आहे असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

एकावर पोस्टाचा शिक्का जरा स्पष्ट होता, मार्च १९७१. मागे तांदूळ, कोयत्याला धार, औषध, आणि सगळ्यांत खाली एक ओळ : "सिनेमा २ — १.५०."

काकी सिनेमाला गेली होती हे आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. मी चुलतभावाला विचारलं, तो म्हणाला, शक्यच नाही. आतेला विचारलं, ती म्हणाली, तिला कुठला वेळ. जत्रेतल्या तंबूत गेली असेल, नाहीतर तारखेला गेली त्या दिवशी कोर्टातून परस्पर. सिनेमा कुठला ते लिहिलेलं नाही.

आणि दोन तिकिटं. काका तेव्हा मुंबईत होते. पोराला नेलं असतं तर पोराला आठवलं असतं.

हे लिहिताना माझं मन त्या 'दोन'पाशी जातं आणि भराभर कप्पे उघडायला लागतं. अभिसारिका, म्हणतं. मग म्हणतं, छे, मैत्रीण असेल, लावणीला येणारी कुणी. मग म्हणतं, कदाचित एकटीच दोनदा बसली असेल, लागोपाठ दोन खेळ. मी ते कुपन पुन्हा तारेत ओवून ठेवलंय. दीड रुपया. त्याच महिन्यात कोयत्याची धार पंचवीस पैसे होती.